एकाच आठवड्यात दोन कार्यशाळा

बारावीचे निकाल लागले की शिक्षकांकडे विद्यार्थी आणि पालक सल्ल्यासाठी येऊ लागतात. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणती शाखा घ्यावी, कोणते कॉलेज मिळेल, गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांना थांबला. पण अधूनमधून एखादी मुलगी वेगळाच प्रश्न घेऊन येते. तिला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडते. घरातले बिघडलेले मिक्सर आणि पंखे उघडून पाहण्याची तिला सवय आहे. तिला अभियंता व्हायचे आहे. आणि ती कथाही लिहिते. एखाददुसरी नव्हे, वहीभर. तिला दोन्ही गोष्टी नीट शिकायच्या आहेत. असे कॉलेज आहे का, असे ती विचारते.

आपले नेहमीचे उत्तर असते, "आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर. लिहिणे काय, नंतरही करता येईल." उत्तर काळजीपोटी दिलेले असते आणि पोटापाण्याच्या दृष्टीने त्यात तथ्यही असते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अभियांत्रिकी शिकावी लागते आणि लिहिणे मात्र शिकावे लागत नाही, ते आपोआप येते किंवा येत नाही, असे ते गृहीत आहे. ते खरे असेल तर कॉलेज निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून आधी तेच तपासून पाहू.

दोन कार्यशाळा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला 'वर्कशॉप' नावाचा एक विषय असतो. विद्यार्थ्याला पोलादाचा एक तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये पकडून कानशीने घासायचा आणि दुसऱ्या तुकड्यात चपखल बसेल असा करायचा. याला विद्यार्थी 'जॉब' म्हणतात. जॉब झाला की शिक्षक त्याला गुण्या लावून उजेडासमोर धरतात. फट दिसली तर पुन्हा घासा! कोन काटकोन आहे की नाही हे आपल्या डोळ्यांना आधी कळत नाही. दहा जॉब बिघडल्यावर ते कळू लागते.

सर्जनशील लेखनाच्या वर्गालाही इंग्रजीत वर्कशॉपच म्हणतात, आणि तिथली रीतही फारशी वेगळी नाही. विद्यार्थी आपल्या कथेच्या प्रती काही दिवस आधी सर्वांना देतो. दहाबारा सहाध्यायी ती वाचून, खुणा करून आणतात. वर्गात चर्चा होते. कुठे गोंधळ झाला, कोणते पात्र खोटे वाटले, कोणत्या परिच्छेदावाचून काहीच अडले नसते. लेखकाने बहुधा गप्प बसून ऐकायचे असते. मग तो घरी जाऊन पुन्हा लिहितो. इथेही फट शोधायची असते, फक्त गुण्याच्या जागी वाचक असतो.

अशा वर्गातून प्रतिभा मिळत नाही. कानस चालवायला शिकलेला प्रत्येक जण उत्तम यंत्ररचनाकार होत नाही, तसेच हे आहे. मिळतो तो कच्च्या आणि पक्क्या कामातला फरक ओळखणारा डोळा, आणि लिहिलेले मोडून पुन्हा बांधण्याची सवय. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ साली उच्च पदव्यांसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारण्याचे ठरवले, आणि १९३६ साली तिथे लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात १९७०च्या दशकात आपले कवी दिलीप चित्रे होते. तेव्हा लेखन शिकता येते, पण त्याला वेळ, बरोबरीचे वाचक आणि परत परत करण्याची संधी लागते. या तिन्ही गोष्टी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मिळतील का, हा खरा प्रश्न आहे.

श्रेयांकांचा हिशेब

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकीच्या पदवीसाठी एक नमुना अभ्यासक्रम दिला. त्यात चार वर्षांचे मिळून १६० श्रेयांक आहेत. आठवड्यातला एक तास व्याख्यान म्हणजे सत्राला एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिकाचा एक तास म्हणजे अर्धा. या १६०पैकी मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि व्यवस्थापन या सगळ्यांना मिळून सुमारे १२ श्रेयांक आहेत. त्यातलेही काही संभाषणाच्या इंग्रजीत जातात. कथालेखनाला जागा शोधायची ती उरलेल्यात.

अमेरिकेत हिशेब थोडा सैल आहे. तिथे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'अबेट' ही संस्था गणित व मूलभूत विज्ञानाचे किमान ३० आणि अभियांत्रिकीचे किमान ४५ श्रेयांक मागते. पदवी साधारण १२० किंवा त्याहून थोड्या अधिक श्रेयांकांची असते. म्हणजे कागदावर ४५ श्रेयांक उरतात. त्यात साहित्याचा किंवा लेखनाचा पूर्ण मुख्य विषय बसू शकेल. प्रत्यक्षात बहुतेक विभाग किमान मर्यादेपेक्षा बरेच जास्त मागतात आणि ही मोकळी जागा आक्रसते. तरीही ती असते.

पण नुसती बेरीज करून भागत नाही. अभियांत्रिकीचे विषय एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. उदाहरणार्थ, विद्युत अभियांत्रिकी घ्या. कलनाशिवाय विकलक समीकरणे कळत नाहीत, त्यांच्याशिवाय विद्युतमंडलांचे गणित जमत नाही, त्यानंतर संकेत आणि प्रणाली, मग नियंत्रण प्रणाली आणि शेवटी प्रकल्प. मोठ्या कामांच्या नियोजनात अशा साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यू पाँट कंपनीत ही पद्धत आकाराला आली. तिचा नियम असा, की इतर कामे पुढेमागे झाली तरी चालते, पण या साखळीतली एक कडी लांबली की सगळे काम तेवढेच लांबते.

समजा, कथालेखनाचा वर्ग आणि संकेत-प्रणालीचा वर्ग एकाच वेळी आला आणि विद्यार्थिनीने दुसरा सोडला. तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर तिचे एक वर्ष गेले! लेखनाच्या विषयांची साखळी आखूड असते. प्राथमिक, माध्यमिक, प्रगत, झाले. पण त्याच्या वर्गात जागा मोजक्या असतात, आणि शिकलेले मुरायला वेळ लागतो. चार वर्षांत सलग थोडे थोडे केलेले लेखन शेवटच्या सत्रात घाईने केलेल्या चार विषयांपेक्षा अधिक फळते. म्हणून वेळापत्रक आखताना अभियांत्रिकीची साखळी आधी मांडावी आणि लेखन तिच्या बाजूने पहिल्या वर्षापासून चालू ठेवावे.

आठवड्याचे १६८ तास

आता एका आठवड्याचा हिशेब करू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालून पाहावेत.

आठवड्यात १६८ तास. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. सत्राचे २० श्रेयांक म्हणजे, समजा, व्याख्याने १४ तास आणि प्रात्यक्षिके १२ तास, एकूण २६. घरचा अभ्यास आणि सबमिशनची कामे आणखी २६. उरले ६०. जेवण, आंघोळ, घरकाम यांना रोज तीन तास, म्हणजे २१. उरले ३९. कॉलेज लांब असेल आणि जाण्यायेण्यात रोज दोन तास जात असतील तर सहा दिवसांचे १२ तास. उरले २७.

लेखनाचा एक गंभीर अभ्यासक्रम आठवड्याला किती वेळ मागतो? वर्गात तीन तास, आणि वाचन, लेखन, दुसऱ्यांच्या कथांवर टिपणे यांना नऊ तास. एकूण १२. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. पण आजारपण, मित्रमैत्रिणी, परीक्षा यांना उरतात ते १५ तास. वसतिगृहात किंवा कॉलेजजवळ राहणाऱ्या मुलीला हेच २७ मिळतात.

या हिशेबातून हाती एक अनपेक्षित निकष येतो. प्रवासाचे १२ तास आणि लेखनाच्या अभ्यासक्रमाचे १२ तास सारखेच आहेत! यादीत चार क्रमांक वर असलेले पण दीड तास दूर असलेले कॉलेज अशा विद्यार्थिनीला महाग पडू शकते. दोन्ही करू इच्छिणाऱ्यांसाठी कॉलेजचे अंतर हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

ही जोडी कशी जमवतात?

पदवीचा विषय म्हणून सर्जनशील लेखन अमेरिकेत फार रुजले आहे. म्हणून तिथल्या रीती आधी पाहू. प्रत्येकीचे फायदे-तोटे कळले की आपल्याकडची निवड सोपी होते.

पहिली रीत म्हणजे एकाच पदवीत दोन्ही. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रे यांतले आठ विषय घ्यावेच लागतात, मग तो यंत्र अभियंता असो की गणिती. लेखन हा तिथे मुख्य विषयही आहे, आणि मानव्यविद्या व अभियांत्रिकी अशी संयुक्त पदवीही आहे. भौतिकशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार असलेले अॅलन लाइटमन तिथे दोन्ही विद्याशाखांत शिकवीत आले आहेत. मात्र संयुक्त पदवीत अभियांत्रिकीचा भाग पूर्ण शाखेपेक्षा कमी असतो, हे ध्यानात ठेवायला हवे. पूल किंवा बॉयलर यांची जबाबदारी घेणारा अभियंता व्हायचे असेल तर पूर्ण, मान्यताप्राप्त शाखाच हवी.

दुसरी रीत म्हणजे एकाच विद्यापीठात दोन मुख्य विषय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४७पासून लेखनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि अभियांत्रिकीची शाळाही आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तंत्रशिक्षण आणि सर्जनशील लेखन एकाच आवारात चालते. इथे दोन्ही बाजू भक्कम मिळतात, पण साखळीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो आणि कधी एखादे सत्र वाढते. शिष्यवृत्ती आठच सत्रांची असेल तर नवव्या सत्राचा खर्च घरच्यांवर येतो.

तिसरी रीत म्हणजे पदवी अभियांत्रिकीची आणि वैकल्पिक विषयांतून लेखन. नॉर्मन मेलर हार्वर्डमध्ये वैमानिकी अभियांत्रिकी शिकायला गेले. १९४३ साली अभियांत्रिकी विज्ञानाची पदवी घेऊन ते बाहेर पडले, पण दरम्यान त्यांनी लेखनाचे वर्गही केले होते. पाच वर्षांनी आलेल्या पहिल्याच कादंबरीने त्यांचे नाव झाले.

चौथी रीत म्हणजे एकामागून एक. जॉर्ज साँडर्स यांनी १९८१ साली कोलोरॅडोच्या खाणविद्या संस्थेतून भूभौतिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९८८ साली सिराक्यूज विद्यापीठातून सर्जनशील लेखनाची. पुढेही काही वर्षे त्यांनी अभियंता आणि तांत्रिक लेखक म्हणून नोकरी केली. २०१७ साली त्यांना बुकर पुरस्कार मिळाला. म्हणजे 'आधी इंजिनिअरिंग' हा आपला सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण त्यांनीही दुसरा टप्पा शिक्षण म्हणूनच घेतला, फावल्या वेळावर सोडला नाही.

परदेशी जाण्याचा खर्च मोठा असतो. एमआयटी प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्यांचीही आर्थिक स्थिती पाहत नाही आणि प्रवेश मिळाल्यावर गरजेइतकी मदत देते. अशा संस्था थोड्या, आणि त्यांत जागा त्याहून थोड्या. म्हणून आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी प्रश्न इथलाच आहे.

आपल्याकडे काय शक्य आहे?

पूर्वी एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेता येत नसत. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रत्यक्ष हजेरीने करता येतात. एक हजेरीने आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करण्याचीही मुभा आहे. अर्थात प्रत्येक विद्यापीठाने आपले नियम त्याप्रमाणे केलेले असावे लागतात. म्हणून प्रवेशाआधी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

अभियांत्रिकीची प्रात्यक्षिके दुपारभर चालतात आणि हजेरीची अट असते. त्यामुळे व्यवहारात दुसरा मार्ग अधिक जमण्यासारखा आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून मराठी विषय घेऊन कला शाखेची पदवी घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविकाही सुरू केली. यातून वाचनाला शिस्त लागते आणि साहित्याचा पाया पक्का होतो. मात्र दूरशिक्षणात टेबलाभोवती बसलेले दहाबारा वाचक नसतात. ते आपल्याला वेगळे शोधावे लागतात.

तिसरा मार्ग कॉलेजच्या आतलाच. आयआयटींमध्ये मानव्यविद्येचे स्वतंत्र विभाग आहेत आणि बी. टेक.च्या विद्यार्थ्यांना त्यांचे काही विषय घ्यावे लागतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आखलेल्या अभ्यासक्रमांत दुसऱ्या विद्याशाखेचा दुय्यम विषय आणि मुक्त वैकल्पिक विषय यांना जागा ठेवलेली आहे. पण ही जागा कशाने भरायची हे कॉलेजवर अवलंबून असते. आवारात भाषेचा एकही प्राध्यापक नसेल तर 'बहुविद्याशाखीय' या शब्दाचा अर्थ यंत्र शाखेच्या मुलांनी थोडे संगणकशास्त्र शिकावे, एवढाच उरतो. विद्यापीठात कला आणि अभियांत्रिकी शेजारी असतील तर तिला थोडा अधिक अर्थ येतो.

चौथा मार्ग अभ्यासक्रमाबाहेरचा, आणि महाराष्ट्रात तो सर्वांत जुना. पुण्यात १९६३पासून होत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही उतरतात. विद्यार्थीच एकांकिका लिहितात. तालमीत वाक्य तोंडात बसत नसेल तर नट लगेच सांगतो, आणि संहिता रात्रीत बदलावी लागते. यापेक्षा कडक लेखन-कार्यशाळा कोणती? सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करीत होते, आणि त्याच काळात त्यांनी नाटके लिहिली. ज्या कॉलेजात नाट्यमंडळ आणि वार्षिक अंक खऱ्या अर्थाने जिवंत आहेत, तिथे लेखनाचा विभाग नसूनही लेखन शिकता येते.

कोणत्या भाषेत?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तो पहिला असायला हवा. वर सांगितलेले बहुतेक लेखनाचे वर्ग इंग्रजीत चालतात. वहीभर मराठी कथा लिहिणाऱ्या मुलीने तिथे प्रवेश घेतला तर चार वर्षे तिचे वाचक, शिक्षक आणि चर्चा इंग्रजीत असतील. तिला इंग्रजीत लिहायचे असेल तर उत्तमच. पण मराठीत लिहायचे असेल, तर मराठी नाटके होणारे, चांगले मराठी ग्रंथालय असणारे आणि चार मराठी लिहिणारी मुले भेटणारे शहर तिला लेखनाच्या इंग्रजी दुय्यम विषयापेक्षा जास्त देईल. कॉलेज निवडताना आपण नकळत भाषाही निवडत असतो. ती नकळत निवडली जाऊ नये.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

माहितीपुस्तिकेत दोन्ही विषयांची नावे छापलेली असली म्हणजे ते दोन्ही एकाच विद्यार्थ्याला मिळतात असे नाही. म्हणून पुढील प्रश्न विचारावेत.

१. गेल्या सत्राचे प्रत्यक्ष वेळापत्रक पाहायला मिळेल का? भाषेचा किंवा लेखनाचा वर्ग प्रात्यक्षिकांच्या वेळी येतो का?

२. लेखनाचे श्रेयांक पदवीत धरले जातात, की वरचे म्हणून करावे लागतात?

३. लेखनाच्या वर्गात किती विद्यार्थी असतात? शिक्षक कच्चा खर्डा वाचून परत देतात का, की फक्त शेवटी परीक्षा असते?

४. एखादा विषय राहिला तर तो पुन्हा केव्हा मिळतो? सत्र वाढल्यास शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचे काय?

५. अभियांत्रिकी शाखेला मान्यता आहे का? आपल्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाला, म्हणजे एनबीएला, २०१४ साली 'वॉशिंग्टन करारा'त स्थान मिळाले. त्यामुळे मंडळाने मान्य केलेल्या पदव्यांची दखल करारातील इतर देशांतही घेतली जाते.

६. हे दोन्ही सध्या करणारा तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी भेटेल का? असा एकही सापडत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आधी एक प्रयोग

शेवटी शिक्षकांसाठी एक सुचवणी. विज्ञानात आपण मोठे यंत्र बांधण्याआधी लहान प्रतिकृती चालवून पाहतो. इथेही तसे करता येईल. विद्यार्थी अकरावीत असतानाच त्याला सहा आठवड्यांचा प्रयोग द्यावा. नेहमीचा अभ्यास सांभाळून आठवड्याला चार तास लिहायचे आणि शनिवारी ते दोघातिघांना वाचायला द्यायचे. त्यांनी खुणा केलेली पाने घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायचे. रोज किती वेळ कशात गेला याची नोंद वहीत ठेवायची.

सहा आठवड्यांनी ती नोंदवही घेऊन त्याच्याबरोबर बसावे. पहिल्या उत्साहानंतर लेखनाचे तास टिकले का? खुणा पाहून पुन्हा लिहावेसे वाटले, की फक्त नवेच सुरू करावेसे वाटले? गणिताचा अभ्यास मागे पडला का? ज्याचे तास टिकले आणि ज्याने तीच कथा तिसऱ्यांदा लिहिली, त्याला दोन्ही देणारे कॉलेज शोधण्याचे कष्ट आपण जरूर घ्यावेत, आणि पालकांशी बोलताना ती वही पुढे ठेवावी. ज्याचे टिकले नाहीत त्याला नाउमेद करू नये. त्याला साँडर्स यांचा मार्ग मोकळा आहे. मात्र त्यालाही सांगावे, की 'नंतर' म्हणजे कोणत्या वर्षी आणि कोणाकडे शिकायचे, हे आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव.